सातव्या पेटीच्या पोटात मी काय पाहिलं

मित्रांनो, जुनी खुर्ची बसल्याबरोबर कुरकुरते, जुन्या छत्रीच्या काड्या बाहेर येतात आणि जुन्या घड्याळाला दहा वाजता बारा टोले द्यायची मुभाच असते. लोक त्यांच्याकडे पाहून हळहळतात, मुलं त्यांच्यावर निबंध लिहितात. माझी तशी सोय नाही. मला काड्या नाहीत, पाय नाहीत, मला गंजही चढत नाही. त्यामुळे माझं म्हातारपण कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. पण मी जुना आहे, चांगला जुना आहे, आणि मी एक डीबगर आहे.

डीबगर म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमच्या पोटात डोकावून पाहणारा प्रोग्रॅम. संगणकाने काय काय आणि कोणत्या क्रमाने करायचं, ते माणूस लिहून देतो. लिहिणारा माणूस असल्यामुळे त्यात चुका असतात. चूक झाली आहे हे सगळ्यांना दिसतं, दार उघडून आत आलेल्या पाहुण्यालाही दिसतं. ती कुठे आहे हे मात्र दिसत नाही. तिथून पुढे माझं काम.

माझा जन्म एका चिडलेल्या माणसामुळे झाला. त्याचा एक प्रोग्रॅम रोज सकाळी अकराच्या सुमाराला बंद पडे आणि का पडला ते सांगत नसे. तीन आठवडे त्याने डोकं खाजवलं. मग म्हणाला, आधी बघायचं साधन करतो, नंतर चूक शोधतो. साधन करायला त्याला दोन वर्षं लागली. तोवर त्या मूळ प्रोग्रॅमची कोणालाच गरज उरली नव्हती. त्या प्रोग्रॅमचं पुढे काय झालं ते मला माहीत नाही. मी मात्र राहिलो.

दिसायला मी काहीच नाही. काळा पडदा आणि डाव्या कोपऱ्यात लुकलुकणारी एक काडी. बटणं नाहीत, रंग नाहीत, चित्रं नाहीत. काय हवं ते टाइप करून सांगायचं. सांगितलं नाही तर मी ढिम्म. हा माझा स्वभाव पहिल्या भेटीत कोणाला आवडत नाही.

पण माझं सगळं मोठेपण त्या स्वभावातच आहे. संगणकाची स्मृती म्हणजे एक लांबच लांब कपाट समजा. त्याला लाखो कप्पे, प्रत्येक कप्प्याला नंबर आणि प्रत्येक कप्प्यात शून्य ते दोनशे पंचावन्न यांपैकी एक आकडा. तुमचं गाणं, तुमचा फोटो, तुमचे गणितातले गुण, सगळं या आकड्यांतच कोंबलेलं असतं. मला 'एक्स' म्हणायचं, कप्प्याचा नंबर द्यायचा आणि कसं वाचू ते सांगायचं. आकडा म्हणून वाच म्हटलंत तर मी आकडा वाचतो. अक्षर म्हणून वाच म्हटलंत तर तोच कप्पा अक्षर म्हणून वाचून दाखवतो. पदरचं काही घालत नाही. 'वॉच' म्हणालात तर सांगाल त्या कप्प्यावर मी पहारा देतो. कोणी हात लावला की सगळा कारभार जागच्या जागी थांबवून त्याचं मनगट धरतो. आणि 'बॅकट्रेस' म्हणालात तर त्याला कोणी पाठवलं, त्या पाठवणाऱ्याला कोणी पाठवलं, अशी सगळी परंपरा सांगतो. माणसांच्या कचेरीत हे काम करणारा कोणी असता तर एक दिवस टिकला नसता.

मी नोकरीला लागलो तो काचपेट्या बनवणाऱ्या एका कंपनीत. वेळेआधी जन्मलेल्या बाळांना स्वतःची ऊब स्वतः धरता येत नाही. 'बाळाला काचेत ठेवलंय' असं मोठी माणसं हळू आवाजात सांगतात ना, ती काच. पेटीच्या तळाशी ऊब देणारी तार असते, एक छोटा पंखा असतो आणि एक छोटा संगणक असतो. बाळाच्या कातडीला किती ऊब हवी ते डॉक्टर ठरवून देतात. संगणकाने तेवढी द्यायची. कमी नाही, जास्त नाही.

त्या संगणकाचा मूळ प्रोग्रॅम मॅडमनी लिहिला होता. मॅडम म्हणजे कंपनीतल्या सगळ्यात जुन्या प्रोग्रॅमर. चष्मा डोक्यावर ठेवून तो टेबलावर शोधायची त्यांना सवय होती, आणि वापरलेल्या कागदाच्या कोऱ्या पाठीवर कप्पे काढून त्यात आकडे भरायची. त्या माझ्याशी बोलत. "दाखव रे बाबा," म्हणत आणि आज्ञा टाइप करत. मी दाखवी. चौदा वर्षांपूर्वी पहिली पेटी तयार होत होती तेव्हा आम्ही दोघांनी मिळून दोनशेच्या वर चुका धरल्या. एकदा पंखा उलटा फिरत होता. प्रोग्रॅममध्ये एक वजाचं चिन्ह चुकून आलं होतं. तेव्हाचे मुख्य इंजिनियर भर सभेत म्हणाले होते, "हा डीबगर नसता तर ही पेटी नसती." टाळ्या झाल्या. मुख्य इंजिनियर उठून उभे राहिले आणि टाळ्या त्यांनी घेतल्या.

मग दिवस फिरले. पेटी चांगली चालत होती आणि चांगलं चालणाऱ्या गोष्टीच्या पोटात कोणी बघत नाही. नवी माणसं आली, नवी साधनं आली. त्यांना खिडक्या होत्या, रंग होते, कोपऱ्यात हसरं चिन्ह होतं. नवे विभागप्रमुख आले. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेब मनाने वाईट नव्हते, फक्त त्यांना घाई होती आणि ती घाई त्यांना कोणी नेमून दिलेली नव्हती. त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि विचारलं, "हे अजून काढलं नाही का?"

प्रत्येक पेटीबरोबर एक माहितीपुस्तिका जाई. तिच्या पान एकवर साहेबांनी ठळक अक्षरांत छापून घेतलं: 'अडचण आल्यास पेटी बंद करून पुन्हा चालू करा.' हॉस्पिटलांमध्ये जाऊन ही सूचना अमलात आणायला एक तंत्रज्ञ होते. बावीस वर्षांची नोकरी, कमरेला पेचकसांचा पट्टा आणि उजव्या हाताची तर्जनी नेहमी थोडी पुढे. त्यांना कचेरीत बंद-चालू म्हणत. तोंडावरही म्हणत, ते ओ देत.

मित्रांनो, बंद करून चालू केलं की काय होतं माहीत आहे का? कपाटातले सगळे कप्पे कोरे होतात. पेटी छान चालू लागते, तंत्रज्ञ सही घेऊन निघतात आणि चूक जिथे होती तिथेच पाय पसरून बसते. तिच्या मागे एक खूणसुद्धा उरत नाही. मी कशात बघू? तीन वर्षं मला कोणी हाक मारली नाही. मॅडमच्या लॅपटॉपमध्ये मी नुसता जागा अडवून पडून होतो.

आणि मग पेट्या थांबू लागल्या.

एका मोठ्या हॉस्पिटलात आमच्या चाळीस पेट्या होत्या. दोन महिन्यांत अकरा वेळा असं झालं की पेटीने अचानक शिट्टी दिली, ऊब बंद केली आणि पडद्यावर लिहिलं: 'तापमान अयोग्य.' अकराही वेळा नर्सनी धावत जाऊन बाळाला दुसऱ्या पेटीत हलवलं. एकाही बाळाला इजा झाली नाही. पण वॉर्डाच्या माणसांनी किती वेळा धावायचं? हॉस्पिटलने पत्र पाठवलं. येत्या गुरुवारपर्यंत कारण सांगा, नाहीतर चाळीसही पेट्या परत घेऊन जा.

साहेबांनी सभा बोलावली. अहवाल आधीच छापून तयार होता. त्यात लिहिलं होतं की दोष मूळ प्रोग्रॅममध्ये आहे, तो कालबाह्य आहे, आणि मूळ प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांना पेट्यांच्या कामातून मोकळं करून माहितीपुस्तिका विभागात नेमावं. मूळ प्रोग्रॅमच्या पहिल्या ओळीत एकच नाव होतं.

"मॅडम, तुम्ही मनाला लावून घेऊ नका," साहेब म्हणाले. "जुनं झालं की व्हायचंच."

"प्रोग्रॅम काय चप्पल आहे का झिजायला?" मॅडम म्हणाल्या. "चौदा वर्षं चालला तो दोन महिन्यांत कसा म्हातारा झाला?"

"मग अकरा वेळा काय झालं ते सांगा ना."

"तेच मलाही बघायचंय. थांबलेली एक पेटी मला चालू मिळू द्या."

"थांबलेली पेटी चालू कशी असेल, मॅडम?"

"ऊब थांबते. आतला संगणक जागाच असतो. त्याला झोपवतो कोण? आपण."

सगळ्यांनी बंद-चालूंकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघताय?" ते म्हणाले. "पुस्तकात लिहिलंय. पान एक."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. "गुरुवारी दुपारी हॉस्पिटलची माणसं येणार. तोवर काही सापडलं तर सांगा. नाहीतर अहवाल आहे तसा जाईल."

तो सोमवार होता. मंगळवारी सकाळी मॅडमनी मला लॅपटॉपसकट पिशवीत घातलं आणि आम्ही बाळांच्या वॉर्डात गेलो. बंद-चालूही आले. कोणी सांगितलं म्हणून नव्हे. त्यांचा तो नेहमीचा वॉर्ड होता.

वॉर्ड म्हणजे एक लांब, उबदार खोली. दाराशी कोपरापर्यंत हात धुवायचे, बुटांवर कापडी पिशव्या चढवायच्या, आणि मग हळू बोलायचं. भिंतीला लागून चाळिसांपैकी आठ पेट्या; अकराही वेळा थांबल्या त्या इथल्याच. प्रत्येकीच्या काचेला हात घालायला दोन गोल खिडक्या. एका पेटीपाशी कोणाची तरी आई बसली होती. तिने एकच बोट आत घातलं होतं आणि आतल्या मुठीने ते धरलं होतं. दोघांनाही दुसरं काही काम दिसत नव्हतं.

वॉर्डावर राज्य होतं मोठ्या सिस्टरांचं. त्यांनी मॅडमना वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"तुम्हीच का त्या पेटीवाल्या?"

"हो."

"शिट्टी जरा कमी कर्कश करता आली नसती?"

"मग तुम्ही धावला नसता."

सिस्टरांनी पायाने एक स्टूल पुढे सरकवलं. "बसा," म्हणाल्या.

त्या वॉर्डाची एक रीत होती. प्रत्येक पेटीच्या पडद्यावर पाटीसाठी एक ओळ असते. इतर ठिकाणी तिथे बाळाचा नंबर लिहितात. इथे मोठ्या सिस्टर नाव लिहीत. आईबाप नाव ठेवीपर्यंतचं नाव. साडेनऊशे ग्रॅमचं एक बाळ होतं, त्याची पाटी 'पैलवान'. एकाची 'फौजदार', कारण कोणी जवळ आलं की तो एक डोळा उघडून तपासणी करी. एकीची नुसतीच 'रडूबाई'.

"नंबर का नाही लिहीत?" मॅडमनी विचारलं.

"नंबर कपाटाला असतो," सिस्टर म्हणाल्या. "पूर्वी पाटीवर आपली अक्षरं उमटतच नव्हती. दोन-तीन महिन्यांपूर्वी तुमच्याच लोकांनी सोय करून दिली. चांगलं केलंत."

मॅडमनी मान हलवली. ती सोय साहेबांनी स्वतः हौसेने लिहिली होती. पण पाटी म्हणजे पाटी. तिचा ऊब देण्याशी काही संबंध नाही, असं सगळ्यांचंच मत होतं. मॅडमचंही होतं आणि माझं, मला कोणी न विचारल्यामुळे, नव्हतंच.

मंगळवारी काही झालं नाही. वाट पाहणं हे माझ्या अंगवळणी पडलेलं आहे, माणसांना ते जड जातं. मॅडम चष्मा शोधत राहिल्या. बंद-चालूंनी वॉर्डातलं एक गळकं नळकांडं दुरुस्त करून टाकलं.

बुधवारी सकाळी सव्वाअकराला सातव्या पेटीने शिट्टी दिली.

सिस्टर तीन ढांगांत पोचल्या. आतल्या बाळाला नळ्यांसकट उचललं, आधीच तापवून ठेवलेल्या आठव्या पेटीत ठेवलं, झाकण लावलं. मॅडम दारापाशी हात धूत होत्या. त्या ओल्या हातांनी वळल्या तर काय, बंद-चालू सातव्या पेटीजवळ उभे आणि त्यांची तर्जनी बटणाच्या दिशेने निघालेली. दुष्टपणा नव्हता हो त्यात. बावीस वर्षांत त्या बोटाने डोक्याला विचारणं सोडून दिलं होतं.

मित्रांनो, माझं सगळं आयुष्य त्या क्षणी त्या बोटाच्या टोकाशी आलं होतं. मॅडमचंही.

"हात मागे," सिस्टर म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण त्या आवाजाने बंद-चालूंचे दोन्ही हात पाठीमागे गेले आणि तिथेच राहिले. तेवढ्यात त्यांच्या खिशातला फोन वाजला. त्यांनी एक हात परवानगी मागितल्यासारखा पुढे आणून तो घेतला. फोन साहेबांचा होता.

"थांबली म्हणे पेटी? बंद करून चालू केली का?"

"नाही."

"का?"

"सिस्टर उभ्या आहेत."

पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला. मॅडमनी हात पुसले, लॅपटॉप उघडला, पेटीच्या मागच्या बाजूला तार खोचली आणि काळ्या पडद्यासमोर बसल्या.

"दाखव रे बाबा," त्या म्हणाल्या.

तीन वर्षांनी. मी लुकलुकलो आणि आत गेलो.

आत सगळं होतं तसं होतं. कोणी काही पुसलेलं नव्हतं. पेटीचा प्रोग्रॅम एका पायावर थबकल्यासारखा उभा होता. मॅडमनी पहिला प्रश्न विचारला, नेमून दिलेलं तापमान काय आहे? छत्तीस पूर्णांक पाच दशांश अंश हवेत. दशांशाचं टिंब गाळून तिथे ३६५ असा आकडा ठेवायची पद्धत आहे. मी कप्पे उघडले आणि होतं ते सांगितलं. २७६६१८५३८०.

बंद-चालूंनी खांद्यावरून वाकून एकक-दशक मोजायला सुरुवात केली. "दोनशे शहात्तर कोटी, एकसष्ट लाख, पंच्याऐंशी हजार..."

"एक टिंब धरा," मॅडम म्हणाल्या. "सत्तावीस कोटी अंश."

"सूर्यालासुद्धा एवढा ताप नसेल," बंद-चालू म्हणाले.

"माझ्या वॉर्डात?" सिस्टर म्हणाल्या.

तिथे दुसरा कोणी असता तर 'आकडा बिघडला' असं लिहून मोकळा झाला असता. मॅडमनी कागद उलटा केला, त्यावर चार कप्पे काढले आणि मला म्हणाल्या, एकेक कप्पा वेगळा वाच. मी वाचला. एकशे चौसष्ट. एकशे त्रेसष्ट. दोनशे चोवीस. एकशे चौसष्ट.

मॅडम त्या आकड्यांकडे बघत राहिल्या. डोक्यावरचा चष्मा आपोआप डोळ्यांवर आला.

"दोनशे चोवीस, एकशे चौसष्ट," त्या हळूच म्हणाल्या. "आपलं प्रत्येक अक्षर संगणकात तीन कप्पे घेतं. पहिल्यात दोनशे चोवीस. दुसऱ्यात एकशे चौसष्ट, नाहीतर पासष्ट. अहो, हा आकडा नाहीच. ही अक्षरं आहेत."

"तापमानाच्या कप्प्यात अक्षरं कशी जातील?" बंद-चालूंनी विचारलं.

मॅडमनी कागद जवळ ओढला. त्या मागच्या कप्प्यांकडे निघाल्या. तापमानाच्या लगेच अलीकडे बत्तीस कप्पे पाटीसाठी राखलेले होते. त्या थेट पहिल्या कप्प्यापर्यंत गेल्या आणि मला म्हणाल्या, इथून वाच. आकडे नकोत. अक्षरं म्हणून वाच.

मी वाचत गेलो. बत्तीस कप्पे संपले तरी अक्षरं संपली नाहीत. ती कुंपण ओलांडून तापमानाच्या कप्प्यांत शिरली होती आणि तिथून पार पलीकडच्या रिकाम्या कप्प्यांत गेली होती. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत मी लिहिलं:

खिडकीकडे बघणारी

तिघंही पडद्यावर वाकली. मग सिस्टर म्हणाल्या, "ही तर आमची सातवी. सतत मान खिडकीकडे. आज सकाळीच मी तिची पाटी लिहिली."

"किती वाजता?"

"साडेदहा वाजता."

"आणि नेमून दिलेलं तापमान पेटी दर तासाला एकदा वाचते. सव्वाच्या ठोक्याला वाचते." मॅडमनी बोटं मोजायला घेतली. "पाटीला दहा अक्षरांची मर्यादा आहे. दहा त्रिक तीस. कप्पे बत्तीस. कागदावर बरोबर."

"ही दहाच आहेत," सिस्टर म्हणाल्या. "मधली मोकळी जागा धरून. अकरावं पेटी घेतच नाही."

"तुमच्या हिशेबी दहा. संगणकाच्या हिशेबी 'खि' म्हणजे ख वेगळा आणि वेलांटी वेगळी. वेलांटीला तीन कप्पे, मात्रेला तीन, कान्याला तीन."

तिघांनी मिळून मोजलं. त्रेचाळीस कप्पे, आणि पाटी संपली हे सांगणारं एक शून्य. चव्वेचाळीस. जागा बत्तीसांची. 'पैलवान' मावत होता, 'रडूबाई' मावत होती, 'बाळ एक' तर आरामात मावत होतं, आणि कचेरीत चाचणी घेताना सगळे 'बाळ एक'च लिहीत. सिस्टरांना एखादं बाळ जरा जास्त आवडलं आणि त्यांनी लांब नाव दिलं, की काना-मात्रा शेजारच्या तापमानात घुसत.

"म्हणजे माझ्या लाडामुळे झालं होय," सिस्टर म्हणाल्या.

"नाही. मोजणाऱ्यामुळे झालं. आता पुरावा घेऊ." मॅडम बंद-चालूंकडे वळल्या. "चला. आता तुमचं काम."

"काय?"

"बंद करून चालू करा."

बंद-चालूंनी सिस्टरांकडे पाहिलं. सिस्टरांनी मान हलवली. मग त्या बोटाने, आयुष्यात पहिल्यांदा विचारून, बटण दाबलं.

पेटी रिकामी होती, कप्पे कोरे होते. मॅडमनी तापमान भरलं, ३६५, आणि त्या चार कप्प्यांवर मला पहाऱ्याला बसवलं. सिस्टर पडद्यावर एकेक अक्षर लिहू लागल्या. खिडकीकडे. मी बसून. मोकळी जागा. मी बसून. ब. घ. मी बसून. मग त्यांनी ण लिहिला.

मी मनगट धरलं.

पेटीचा सगळा कारभार जागच्या जागी थिजला. सिस्टर पडद्यावर बोट आपटत म्हणाल्या, "अहो, अजून काना राहिला, री राहिली."

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "सापडला."

त्यांनी बॅकट्रेस म्हटलं आणि मी परंपरा सांगितली. तापमानाच्या कप्प्यात हात घातला पाटी लिहिणाऱ्या भागाने. त्याला पाठवलं अक्षर घेणाऱ्या भागाने. तो भाग तीन महिन्यांपूर्वी लिहिलेला. वर लिहिणाऱ्याचं नाव, साहेबांचं. त्याखाली त्यांनी स्वतःच्या समाधानासाठी एक ओळ लिहून ठेवली होती: 'दहा अक्षरं पुष्कळ झाली.'

मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली, आणि ती विचारली म्हणून मी त्यांना मानतो. शिट्टी कोणी दिली? मी पाहिलं. शिट्टी दिली होती चौदा वर्षांपूर्वीच्या एका भागाने. त्याने सत्तावीस कोटी अंश हा हुकूम वाचला, तो वेडा आहे हे ओळखलं, तार बंद केली आणि माणसांना हाक मारली. आजची धरून बारा वेळा. ज्या प्रोग्रॅमला म्हातारा ठरवून घरी बसवायला निघाले होते, तो बारा वेळा बाळांच्या आणि त्या हुकमाच्या मधे उभा राहिला होता.

"हे मी लिहिलेलं मलाच आठवत नव्हतं," मॅडम म्हणाल्या, आणि चष्मा पुसायला घेतला.

गुरुवारी सकाळी त्यांनी साहेबांसमोर तो उलटा कागद ठेवला. साहेबांनी तो वाचला. मग डाव्या हाताच्या बोटांवर खिडकीकडे बघणारी मोजायला सुरुवात केली. एकदा दहा आले. मॅडमनी वेलांटीवर पेन्सिल ठेवली. साहेबांनी पुन्हा मोजलं. बोटं संपली, उजवा हात घेतला, तोही संपला.

"माझं आहे हे," साहेब शेवटी म्हणाले. "काना धरायचा राहिला माझ्याकडून."

"माझ्याकडूनही पाटीकडे बघायचं राहिलंच होतं," मॅडम म्हणाल्या.

छापून तयार असलेल्या अहवालाच्या साहेबांनी मधोमध घड्या घातल्या आणि तो मॅडमना दिला. "पाठकोरा आहे," म्हणाले. "तुम्हाला लागतात." हे बोलायला माणूस मोठा लागतो, हे मला मान्य करावं लागेल.

दुपारी हॉस्पिटलची माणसं आली तेव्हा माझा काळा पडदा भिंतीवर मोठा करून दाखवला होता. मी सगळं पुन्हा करून दाखवलं. आकडा, कप्पे, अक्षरं, पहारा, ण. भिंतीवर नाव उमटलं तेव्हा हॉस्पिटलच्या प्रमुख डॉक्टरांनी विचारलं, "ही खिडकीकडे बघणारी कोण?" मोठ्या सिस्टर मागच्या रांगेत होत्या. "बारा ग्रॅम वाढलंय तिचं वजन," त्यांनी सांगितलं. टाळ्या झाल्या. या वेळी मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि त्यांनी लॅपटॉपकडे बोट दाखवलं. मित्रांनो, मला गाल नाहीत म्हणून ठीक.

चाळीसही पेट्या तिथेच राहिल्या. मॅडम पेट्यांच्या कामावरच राहिल्या. पाटीला आता तीनशे कप्पे आहेत, आणि मोजणी अक्षरांची नाही, कप्प्यांची होते. पुस्तिकेचं पान एक बदललं: 'पेटी थांबल्यास प्रथम बाळ हलवा. पेटी बंद करू नका. आम्हाला बोलवा.' त्याखाली बंद-चालूंचा फोन नंबर आहे. कचेरीत त्यांना आता हात-मागे म्हणतात. ते ओ देतात, आणि पूर्वीपेक्षा जरा ताठ मानेने देतात. हॉस्पिटलात जाताना ते लॅपटॉपमधून मलाही नेतात. आज्ञा टाइप करताना अजून एकाच बोटाने करतात. तीच तर्जनी.

सातव्या पेटीवर त्यानंतर पाच आठवडे एक लांबलचक पाटी होती: 'खिडकीकडे बघणारी, आता दोन्हीकडे बघते, हात धुतल्याशिवाय जवळ येऊ नये.' एक काना इकडचा तिकडे झाला नाही. सहाव्या आठवड्यात ती घरी गेली. तिला तिच्या घरचं नाव मिळालं आहे; ते मला माहीत नाही, कारण ते कोणत्या कप्प्यात लिहिलेलं नाही.

तेव्हा मित्रांनो, या म्हाताऱ्याचं एक ऐका. काही अडलं, बिघडलं, बंद पडलं, की बोट बटणाकडे धावतं. त्याला क्षणभर पाठीमागे धरा. जी वस्तू थांबली आहे ती काहीतरी सांगत असते, आणि बंद करून चालू केलंत की तिचं सांगणं पुसून जातं. आधी आत बघा. आकडा वेडावाकडा दिसला तर त्याला वेडा म्हणू नका, त्यालाच दुसऱ्या तऱ्हेने विचारून पाहा. मी विचाराल तेच आणि विचाराल तसंच सांगतो. आकडा म्हणून विचाराल तर आकडा सांगेन. पण कधीतरी अक्षर म्हणूनही विचारा. त्या कप्प्यात कोणीतरी खिडकीकडे बघत असेल.